परक्या गावातले रोजचे सुख

मुले परदेशी आणि आई-वडील इथे, हे चित्र मराठी मध्यमवर्गाला आता सवयीचे झाले आहे. पण अडुसष्ट वर्षांची आईच मुला-नातवंडांना मागे ठेवून, पगाराची अपेक्षा न धरता, दूर देशी कामाला निघाली तर? सेवेसाठी परदेशी गेलेल्या स्वयंसेवकांना तिथे टिकवून ठेवते ते नेमके काय, याचा हा मागोवा.

- प्रतिनिधी

विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत १९६६ च्या अखेरीस एक परदेशी परिचारिका राहायला आली. वय अडुसष्ट. मूळ मुक्काम अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील प्लेन्स, म्हणजे जेमतेम सहाशे वस्तीचे खेडे. पती १९५३ मध्ये वारलेले, चारही मुले आपापल्या संसारात. थोरला मुलगा त्याच वर्षी राज्याच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढला आणि हरला. पतीच्या निधनानंतर बाईंनी काही वर्षे एका विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची देखभाल केली होती. घरात बसून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. अशात दूरचित्रवाणीवर ‘पीस कोअर’ या अमेरिकी स्वयंसेवी योजनेची जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली. वयाची अट नाही, असे त्यात म्हटले होते. बाईंनी अर्ज केला, तीन महिन्यांचे प्रशिक्षण घेतले आणि त्या मुंबईला येऊन दाखल झाल्या.

त्यांचे नाव लिलियन कार्टर. गव्हर्नरपदाची निवडणूक हरलेला त्यांचा थोरला मुलगा जिमी पुढे दहा वर्षांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आला, म्हणून ही गोष्ट जगाला ठाऊक झाली. पण विक्रोळीत त्या उतरल्या तेव्हा त्या कुणाच्या मातोश्री म्हणून आलेल्या नव्हत्या. कारखान्याच्या दवाखान्यात काम करणारी एक वयस्क परदेशी बाई, एवढीच त्यांची ओळख होती.

लिलियनबाई इथे सुमारे २१ महिने राहिल्या. १९ ऑक्टोबर १९६७ रोजी तिकडे जिमी यांना मुलगी झाली. तिचे नाव एमी. त्या वेळी आजी हजारो मैलांवर विक्रोळीत रुग्णांची सेवा करीत होती. १५ ऑगस्ट १९६८ रोजी बाईंनी सत्तरी पूर्ण केली, तीही इथेच. त्यांचा वाढदिवस आणि आपला स्वातंत्र्यदिन एकच. या सगळ्या काळात त्या घरी पत्रे लिहीत राहिल्या. थोरली कन्या ग्लोरिया हिच्यासह सिद्ध केलेले या पत्रांचे पुस्तक १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘अवे फ्रॉम होम’, म्हणजे घरापासून दूर.

परदेशी जाऊन सेवा करणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर त्याग उभा राहतो. त्याग असतोच, त्यात शंका नाही. पण केवळ त्यागावर माणूस परक्या गावात दोन वर्षे काढू शकत नाही. रोज सकाळी उठून कामाला जावेसे वाटायला रोजचे काही सुख लागते. हे सुख कोणते, ते कसे लाभते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

बिनपगारी, पण निराधार नव्हे

‘स्वयंसेवक’ म्हणताच आपल्याला आठवतो तो साहित्य संमेलनाच्या मांडवात किंवा गणेशोत्सवात छातीवर बिल्ला लावून धावपळ करणारा कार्यकर्ता. दोन-चार दिवसांचे काम, मग पुन्हा आपले घर. परदेशातील स्वयंसेवा याहून वेगळी असते. तिचा कालावधी सहसा काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचा. पगार नसतो, मात्र प्रतिष्ठित संस्था जाण्या-येण्याचे भाडे, राहण्याची सोय, विमा आणि स्थानिक राहणीमानानुसार निर्वाहभत्ता देतात. शेजाऱ्यांसारखे राहता यावे, त्यांच्याहून श्रीमंतीत नव्हे, हा त्या भत्त्यामागचा हिशेब असतो.

या प्रथेचा उगम पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपात सापडतो. पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने १९२० मध्ये फ्रान्समधील व्हर्दुनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात विविध देशांच्या स्वयंसेवकांचे शिबिर भरवले. कालपर्यंत एकमेकांच्या विरोधात लढलेल्या देशांतील माणसे तिथे एकत्र येऊन घरे उभारू लागली. त्यातून जन्मलेली ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना भारताला अपरिचित नाही. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः सहकाऱ्यांसह बिहारमध्ये येऊन राबले. पुढे बाबा आमटे यांच्या आनंदवनाच्या उभारणीच्या काळात याच संघटनेचे देशोदेशीचे तरुण वरोऱ्याला राहून बांधकामाला हातभार लावून गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कल्पनेला संस्थांचे रूप आले. ब्रिटनमध्ये अलेक आणि मोरा डिक्सन या दांपत्याने १९५८ मध्ये ‘व्हीएसओ’ची स्थापना केली. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी पीस कोअर सुरू केली. त्याच वर्षी तिचे स्वयंसेवक भारतातही आले आणि १९७६ पर्यंत चार हजारांहून अधिक अमेरिकी स्त्री-पुरुष आपल्याकडे शेती, कुक्कुटपालन, आरोग्य, शिक्षण अशा क्षेत्रांत काम करून गेले. जपानने १९६५ मध्ये आपली योजना आखली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये स्वतंत्र स्वयंसेवक कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्याचे मुख्यालय आज जर्मनीतील बॉन शहरात आहे.

पीस कोअरची उद्दिष्टे मुळातून वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. ती तीन आहेत. ज्या देशांना प्रशिक्षित माणसांची गरज आहे त्यांना ती पुरवणे, हे पहिले. त्या देशांतील लोकांना अमेरिकी माणूस समजावा, हे दुसरे. आणि अमेरिकी माणसांना जगातील इतर लोक समजावेत, हे तिसरे. म्हणजे तीनपैकी दोन उद्दिष्टे विहिरी, दवाखाने किंवा शाळांविषयी नाहीतच. ती ओळखीपाळखीविषयी, शेजाराविषयी आहेत. शेजारी बसून चहा पिणे हा अशा योजनेत कामातला खंड ठरत नाही. तो कामाचाच भाग असतो.

मन रमण्याच्या चार पायऱ्या

अर्थात पहिल्या दिवसापासून कुणाचे मन रमत नाही. ‘सांस्कृतिक धक्का’ ही कल्पना रूढ करणाऱ्यांत कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. १९५४ मध्ये रिओ दि जानेरो येथे परदेशी रहिवाशांसमोर केलेल्या भाषणात त्याने या धक्क्याचे साध्या शब्दांत विवेचन केले. माणूस आपल्या समाजात वावरतो तो शेकडो लहानसहान खुणांच्या आधारे. नमस्कार केव्हा करावा, बक्षिशी किती द्यावी, खरेदी कशी करावी, ‘या एकदा घरी’ हे आमंत्रण खरे मानावे की औपचारिक. या खुणा आपण नकळत शिकलेल्या असतात. परक्या मुलखात त्या एकदम नाहीशा होतात आणि पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखी माणसाची अवस्था होते.

ओबर्गने यात चार टप्पे सांगितले. प्रथम नवलाई, तेव्हा सारेच सुंदर दिसते. मग त्रागा, तेव्हा तिथले काहीच धड वाटत नाही आणि आपल्या देशातील साध्या वरणभातासाठी किंवा पावासाठी जीव तळमळतो. तिसऱ्या टप्प्यात विनोदबुद्धी परत येते. माणूस स्वतःच्याच फजितीवर हसू लागतो. चौथ्या टप्प्यात तिथले अन्न, रीतीभाती केवळ सोसायच्या गोष्टी न राहता आवडू लागतात. इतक्या, की निरोप घेताना चुटपुट लागते.

रोजच्या सुखाचा जन्म होतो तो तिसऱ्या टप्प्यावर. दुकानदाराने आज आपले वाक्य पुन्हा विचारले नाही, बसमधून योग्य थांब्यावर उतरता आले, शेजारच्या मुलीने आपल्या उच्चाराची नक्कल केली आणि आपल्यालाही हसू आले, या त्या टप्प्याच्या खुणा. आपल्या गावात या गोष्टी कुणी मोजत नाही, कारण त्या मिळवाव्या लागत नाहीत. परक्या गावात त्या एकेक करून कमवाव्या लागतात आणि म्हणूनच त्यांचे मोल कळते. साठ-सत्तर वर्षांचा माणूस पुन्हा एकदा लहान मुलासारखा शिकू लागतो, रोज काहीतरी नवे जमल्याचा आनंद त्याला होतो.

चार मराठी शब्द

लिलियनबाईंच्या बाबतीत हेच घडले. सुरुवातीला त्यांच्याकडे कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे काम होते. तो काळ भारतात शस्त्रक्रियेच्या मोहिमांचा. ते काम त्यांना मानवेना. पुढे त्या वसाहतीच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली परिचारिका म्हणून काम करू लागल्या आणि तिथे त्यांचा जीव रमला. हातात येणारे काम माणसाला पटणारे आणि त्याला येणारे असावे लागते, हा रोजच्या सुखाचा पहिला नियम म्हणायला हरकत नाही.

दवाखान्यातील एका अनुभवावर जिमी कार्टर यांनी पुढे कविता लिहिली. आईच्या तोंडून सांगितलेली ही कविता त्यांच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहात आहे. अंगावर कुष्ठरोगाच्या जखमा असलेली एक लहान मुलगी दवाखान्यात येते. बाई मागे सरतात. पण ही रुग्ण तुम्हीच पाहा, असे डॉक्टर सांगतात. तोंडाला पट्टी बांधून, घाईघाईने त्या तिला सुई टोचतात आणि नंतर एकट्या जाऊन अंग लाल होईपर्यंत घासून काढतात. दर आठवड्याला ती मुलगी येते, दर आठवड्याला त्यांना धास्ती वाटते. हळूहळू जखमा भरू लागतात. मुलगी डोळ्यांत बघू लागते. मग दोघी एकमेकींकडे पाहून हसतात, चार मराठी शब्द बोलतात, हात हातात घेतात. अखेर त्या मुलीचा मुका घेतानाही बाईंना किळस वाटत नाही, इथवर ती कविता येते.

या प्रसंगात थोर असे काही घडत नाही. उपचार डॉक्टरांचे, औषध दवाखान्याचे. बाईंच्या वाट्याला येते ते आठवड्यातून एकदा येणारे एक पोर आणि त्याच्याशी बोलायचे चार शब्द. पण अनोळखी भाषेतले ते चार शब्द समोरच्याला कळले आणि त्याने उत्तर दिले, यात किती सुख आहे हे परक्या मुलखात राहिलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. भीतीपासून मायेपर्यंतचा हा प्रवास एका दिवसात झाला नाही, हेही महत्त्वाचे. त्याला दर आठवड्याची हजेरी लागली. दोन आठवड्यांसाठी येऊन गेलेल्या पाहुण्याला तो लाभला नसता.

कोटणीसांचा संसार

जशी जॉर्जियाहून विक्रोळीला येणारी वाट आहे, तशीच सोलापुराहून निघणारीही आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव मराठी वाचकाला सांगायला नको. जन्म १९१० चा, सोलापूरचा. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. महाविद्यालयात. जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनने भारताकडे वैद्यकीय मदत मागितली, तेव्हा राष्ट्रीय सभेने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक धाडले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. पाचांपैकी चौघे मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे चीनमध्ये निधन झाले.

व्ही. शांताराम यांच्या १९४६ मधील ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटाने हे हौतात्म्य घरोघरी पोहोचवले. पण हौतात्म्याच्या प्रखर प्रकाशात त्या चार वर्षांतील साधे दिवस झाकले गेले. कोटणीस चिनी भाषा शिकले आणि विद्यार्थ्यांना त्या भाषेत शिकवू लागले. चिनी लोकांनी त्यांना ‘के दिहुआ’ असे आपले नाव दिले. १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी त्यांनी तिथल्या क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. चीनमधील विद्यार्थ्यांसाठी ते शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तकही लिहीत होते; ते अपुरे राहिले.

भाषा, नाव, विद्यार्थी, पत्नी, मूल आणि अर्धे लिहून झालेले पुस्तक. मरायला निघालेल्या माणसाची ही लक्षणे नव्हेत. युद्धाच्या धामधुमीत, डोंगराळ मुलखात, अपुऱ्या औषधांनिशी काम करणाऱ्या या सोलापूरच्या तरुणाने तिथे घर केले होते. लढाऊ आदर्शवादाने त्यांना चीनला नेले असेल, पण तिथे ठेवून घेतले ते या घराने, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

मागे राहिलेल्यांचे काय?

या सुखाची दुसरी बाजू मागे राहिलेल्या घरात असते. कोटणीस चीनमध्ये असतानाच त्यांचे वडील सोलापुरात वारले. परत जाण्याची मुभा होती. ते गेले नाहीत. हा निर्णय त्यांच्या आईला, भावंडांना कसा वाटला असेल, याची कल्पना ज्यांच्या घरातील माणूस दूर आहे त्यांनी करावी. लिलियनबाईंना नात झाली ती पत्रातून कळण्याजोगी बातमी होती. स्वयंसेवक स्वतःच्या इच्छेने दुरावतो, घरच्यांना मात्र कुणी विचारलेले असतेच असे नाही. म्हणून अशा निर्णयात घरच्यांचा होकार ही औपचारिकता मानू नये.

त्या काळी आधार होता पत्राचा. निळसर एरोग्रामच्या एका कागदावर, चारही कडांपर्यंत बारीक अक्षरांत मावेल तेवढे लिहायचे, घडी घालून चिकटवायचे आणि उत्तराची वाट पाहायची. उत्तर यायला पंधरवडा, कधी महिना. या विलंबात दुःख होते, तसा एक उपयोगही होता. घरी लिहायचे म्हणून दिवसभरात काय घडले ते नीट पाहावे लागे. दवाखान्यात कोण आले, पावसाने काय केले, शेजारणीने काय खाऊ घातले. जे लिहिण्यासाठी आठवावे लागते ते दुसऱ्यांदा जगले जाते. लिलियनबाईंच्या पत्रांचे पुस्तक होऊ शकले ते यामुळेच.

आज व्हिडिओ कॉलवर नातवंडाचे पहिले पाऊल दिसते, आईच्या औषधांची चौकशी रोज करता येते. ही सोय मोठीच आहे आणि ती नाकारण्यात शहाणपण नाही. पण तिचा अतिरेक झाला तर माणूस देहाने एका देशात आणि मनाने दुसऱ्या देशात अशी दुहेरी ओढाताण होते. संध्याकाळचे दोन तास रोज फोनवर गेले, तर शेजारच्या ओट्यावर बसायला वेळ उरत नाही. आणि परक्या गावाची ओळख त्या ओट्यावरच होत असते. आठवड्यातील ठरावीक दिवशी निवांत बोलावे आणि एरवी गावात मिसळावे, हा मध्यममार्ग दोन्ही घरांना सोयीचा ठरतो.

सुख कुणाचे आणि कुणाच्या खर्चाने?

इथे एक कटू प्रश्न विचारायला हवा. स्वयंसेवकाला सुख लाभले. ज्यांच्यासाठी तो गेला त्यांना काय मिळाले? गेल्या दोन-तीन दशकांत ‘सेवा आणि सहल’ यांची सांगड घालणारा मोठा व्यवसाय जगभर उभा राहिला आहे. शुल्क भरा, दोन आठवडे अनाथालयात मुलांशी खेळा, छायाचित्रे काढा आणि परत या, असे त्याचे स्वरूप. नेपाळ आणि कंबोडिया या देशांत याचे दुष्परिणाम ठळकपणे पुढे आले. तेथील अनाथालयांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळून आले. पाहुण्यांचा पैसा येत राहावा म्हणून गरीब घरांतील मुले संस्थांत आणली जात होती. शिवाय दर पंधरवड्याला नव्या माणसाला लळा लावायचा आणि त्याला निरोप द्यायचा, यात त्या कोवळ्या मनांची होणारी परवड वेगळीच.

विक्रोळीतील त्या मुलीला लिलियनबाई आठवड्यामागून आठवडे भेटत राहिल्या आणि त्या प्रशिक्षित परिचारिका होत्या. कोटणीस शल्यविशारद होते आणि त्यांनी आपल्यामागे विद्यार्थी तयार केले. स्वयंसेवेतील सुख प्रामाणिक आहे की नाही, हे या दोन कसोट्यांवर तपासता येते. माणूस पुरेसा काळ राहिला का? आणि तो गेल्यावर तिथल्या माणसांच्या हाती काही उरले का? स्थानिक सुतार जे काम चांगले करू शकतो ते परदेशातून आलेल्या, हातोडी कधी न धरलेल्या पाहुण्याने करण्यात सेवा नाही. सुताराचा रोजगार मात्र जातो.

निघण्यापूर्वी

भारतातून अशा कामासाठी जाऊ इच्छिणाऱ्यांना मार्ग आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात वयोगटानुसार वेगवेगळ्या जागा असतात. अठरा वर्षांवरील तरुणांपासून निवृत्त तज्ज्ञांपर्यंत. तज्ज्ञांच्या जागांसाठी काही वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. घर सोडणे शक्य नसलेल्यांसाठी संगणकावरून घरबसल्या करता येणारी कामेही याच कार्यक्रमात आहेत. पीस कोअर केवळ अमेरिकी नागरिकांसाठी आहे. तिकडे वाढलेल्या मराठी घरांतील तरुणांना तो मार्ग खुला आहे.

अर्ज करण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. हे काम कुणी मागितले, तिथल्या लोकांनी की पाठवणाऱ्या संस्थेने? आपले शुल्क घेतले जात असेल तर ते नेमके कशावर खर्च होते? आजारपण, अपघात, देशातील अशांतता अशा वेळी परत आणण्याची जबाबदारी कुणाची? मुलांशी संबंध येणार असल्यास संस्था पोलीस पडताळणी मागते का? मागत नसेल तर ती संस्था टाळलेलीच बरी. भाषेचे प्रशिक्षण मिळेल का? आणि शेवटचा प्रश्न स्वतःला विचारायचा. आपण कशाकडे तरी निघालो आहोत की कशापासून तरी पळतो आहोत? घरातील भांडण, अपयश किंवा एकटेपण सामानाबरोबर येते. विमानतळावर ते कुणी काढून घेत नाही.

परतीचा धक्का

जाण्याइतकेच परतणेही अवघड असते. जिथे रोज चार माणसे नावाने हाक मारीत होती ते गाव एका दिवसात मागे पडते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे पीस कोअरने साठहून अधिक देशांतील आपले सुमारे सात हजार स्वयंसेवक एकाच वेळी मायदेशी बोलावले. संस्थेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. अनेकांना शेजाऱ्यांचा धड निरोपही घेता आला नाही. पुन्हा स्वयंसेवक रवाना व्हायला दोन वर्षे लागली. घरी सुखरूप पोहोचूनही हळहळ वाटावी, हे त्या रोजच्या सुखाचे मोजमापच म्हटले पाहिजे.

परतल्यावर पहिल्या आठवड्यात घरचे सारे विचारतात, ‘कसे होते तिकडे?’ दुसऱ्या आठवड्यात कुणी विचारत नाही. सांगण्यासारखे फार मोठे काही नसतेही. एक दवाखाना, एक शेजारीण, बाजारातील एक भाजीवाला. लिलियनबाईंनी मात्र हे सांगणे सोडले नाही. १९६८ मध्ये परतल्यावर त्यांनी आपल्या भारतातील दिवसांविषयी ठिकठिकाणी शेकडो भाषणे दिली. पीस कोअरमध्ये वयाच्या पन्नाशीनंतर सेवा केलेल्यांना पुढे त्यांच्या नावाचा पुरस्कार देण्यात येऊ लागला.

फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले. अंत्यसंस्कारांसाठी अमेरिकेने पाठवलेल्या शिष्टमंडळात अध्यक्षांच्या मातोश्री होत्या. दिल्लीतील सरकारी कार्यक्रम आटोपल्यावर त्या मुंबईला येऊन विक्रोळीला गेल्या. दहा वर्षांपूर्वी ज्या वाटेने त्या रोज दवाखान्यात जात, ती वाट त्यांना पुन्हा एकदा पाहायची होती. ३० ऑक्टोबर १९८३ रोजी प्लेन्सजवळच्या अमेरिकस गावातील रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून घोषित केले आहे. त्यानिमित्ताने आकडे सांगितले जातील, गौरवसमारंभ होतील. ते व्हावेतच. पण एखाद्या तरुणाने किंवा निवृत्त गृहस्थाने ‘तिथे जाऊन मला काय मिळेल?’ असा प्रश्न विचारला, तर त्याला त्याग आणि पुण्य यांच्या गोष्टी सांगण्याआधी विक्रोळीच्या दवाखान्यातील त्या चार मराठी शब्दांविषयी सांगावे. आणि निघण्यापूर्वी आईला पत्र लिहिण्याचे वचन देऊन ठेव, हेही.